कामावरून काढलेला माणूस जातो कुठे? पोलंडच्या कामगार-सुधारणांविषयी

अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने आपल्या निबंधासाठी विचारलेला प्रश्न असा आहे : "पोलंडने १९९० मध्ये समाजवादी व्यवस्था सोडून एका झटक्यात बाजारव्यवस्था स्वीकारली. तेव्हा कामगार कायदे सैल केले म्हणून तिथे बेकारी वाढली, की कायदे सैल केले म्हणूनच पुढे रोजगार वाढला? दोन्ही प्रकारचं लिखाण सापडतं. खरं काय?"

माझं उत्तर असं की कामगारकपातीच्या कायद्याला या दोन्ही बाजू आहे त्यापेक्षा जास्त महत्त्व देतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पर्सोनेल खात्यात आणि नंतर सल्लागार म्हणून मी तीस वर्षांहून जास्त काळ सेटलमेंट, टाळेबंद्या आणि स्वेच्छानिवृत्तीच्या योजना हाताळल्या. पोलंडचा अभ्यास त्याच काळात सुरू केला, कारण नव्वदच्या दशकात प्रत्येक परिषदेत कुणीतरी उठून "पोलंडने करून दाखवलं" असं म्हणायचंच. काय करून दाखवलं, ते मला समजून घ्यायचं होतं. जसजसं वाचत गेलो तसतसं एक लक्षात आलं : माणसाला कामावरून काढायचा कायदा पोलंडने काही दिवसांत केला. काढलेल्या माणसाने जायचं कुठे, हे ठरायला मात्र पंधरा वर्षं लागली, आणि ते बऱ्याच अंशी आपोआप ठरलं.

आधीची स्थिती थोडक्यात. १९५२ च्या राज्यघटनेत कामाचा हक्क होता. बेकारी कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती, उलट १९८२ मध्ये काम टाळणाऱ्यांना वठणीवर आणायचा कायदा झाला होता. कारखाना नुसता पगार देत नसे. क्वार्टर, पाळणाघर, कँटीन, सुट्टीत डोंगरात किंवा समुद्रकाठी जायची सोय, खाणकामगाराला घरच्या शेगडीसाठी वर्षाचा कोळसा, हे सगळं तिथूनच यायचं. आपल्याकडच्या जुन्या सरकारी कंपन्यांच्या वसाहतींत जे वाढले त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कामगारांत एक म्हण होती, तिचा आशय असा : उभे राहा की आडवे व्हा, दोन हजार ठरलेलेच. गरजेपेक्षा जास्त माणसं मस्टरवर होती, हे व्यवस्थापनाला, युनियनला आणि सरकारलाही ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या चर्चेत नेहमी सुटते. सप्टेंबर १९८१ च्या कायद्याने सरकारी कारखान्यांत निवडून आलेल्या कामगार परिषदा आल्या. डायरेक्टर नेमण्यात आणि काढण्यात त्यांचा अधिकार होता. म्हणजे १९९० मध्ये ज्या डायरेक्टरने माणसं कमी करायची, त्याची स्वतःची खुर्ची त्याच माणसांच्या हातात होती.

आता कायद्याकडे येऊ. जून १९८९ च्या निवडणुकीनंतर माझोविएत्स्की पंतप्रधान झाले आणि बाल्त्सेरोविच अर्थमंत्री. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संसदेने कायद्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा मंजूर केला आणि १ जानेवारी १९९० पासून नवी व्यवस्था सुरू झाली. त्या गठ्ठ्यात कामगारांचे दोन कायदे होते. एक सामूहिक कपातीचा, दुसरा रोजगार आणि बेकारभत्त्याचा. पहिल्यानुसार मालकाने युनियनला ४५ दिवस आधी कळवायचं, चर्चा करायची आणि मग कपात करायची. भरपाई सेवेच्या लांबीप्रमाणे एक, दोन किंवा जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पगार. सरकारी परवानगीची गरज नाही.

हे आपल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाच-ब प्रकरणाशेजारी ठेवून बघा. तिथे शंभर कामगारांच्या वरच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागायची आणि सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार द्यावा लागायचा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा ३०० वर नेली. म्हणजे वीस वर्षं काम केलेल्या आपल्या कामगाराची कायदेशीर भरपाई पोलिश कामगारापेक्षा कितीतरी जास्त. कागदावर पाहिलं तर पोलंडने दार सताड उघडलं होतं.

मग त्या दारातून किती जण बाहेर ढकलले गेले? १९९० च्या अखेरीस नोंदलेले बेकार ११ लाखांवर गेले होते, दर साडेसहा टक्के. त्यात सामूहिक कपातीत नोकरी गेलेले फार तर पाचवा भाग. हा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा छापताना चूक झाली असावी असंच वाटलं. चूक नव्हती. औद्योगिक उत्पादन त्या एका वर्षात जवळपास चौथ्या हिश्श्याने घसरलं, तरी माणसं त्या प्रमाणात काढली गेली नाहीत. डायरेक्टरांनी आधी ओव्हरटाइम बंद केला, मग भरती बंद केली, मग वयस्करांना पेन्शनीत काढलं. गावाकडे थोडी जमीन असलेले, बसने रोज ये-जा करणारे कामगार सगळ्यात आधी गेले. का, तर "त्यांना शेती आहे". गिरणी बंद पडल्यावर "तुझं गावाला घर आहे की" हे वाक्य परळ-लालबागच्या किती कामगारांनी ऐकलं असेल!

त्यामुळे पोलंडच्या बेकारीचं पहिलं कारण नोकरीवरून काढणं हे नव्हतं, नोकरीवर न घेणं हे होतं. शाळा-कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं बंद फाटकापाशी उभी राहिली. फाटक कायद्याने बंद केलेलं नव्हतं, मागणीच संपली होती. कपात सोपी झाली की मालक निर्धास्तपणे भरती करतो, हा युक्तिवाद ऑर्डर बुक भरलेलं असताना थोडाफार खरा ठरतो. ऑर्डरच नसेल तर सैल कायदा आणि कडक कायदा सारखेच निरुपयोगी.

१९९० मध्ये कामगारांच्या आयुष्यावर सर्वांत जड हात कुणी ठेवला असेल तर पगारवाढीवरच्या कराने. त्याला तिथे बोलीभाषेत 'पोपीवेक' म्हणत. जानेवारी १९९० या एका महिन्यात भाव जवळपास ८० टक्क्यांनी वाढले. सरकारने सांगितलं की महागाईच्या फक्त ३० टक्के इतकीच वाढ पगाराच्या एकूण रकमेत करता येईल, पुढचे काही महिने फक्त २० टक्के. त्यावर गेलात तर वरच्या रकमेच्या दुप्पट ते पाचपट कर. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो : सेटलमेंटच्या टेबलावर बसायचं कारणच संपलं. युनियनने काहीही मागितलं तरी डायरेक्टर हात वर करून म्हणणार, मी दिलं तर कंपनीच बुडेल. महागाई धरता खरा पगार त्या वर्षी साधारण चौथ्या हिश्श्याने घटला. दुकानांपुढच्या रांगा संपल्या, माल मिळू लागला, म्हणून प्रत्यक्ष झळ आकड्याइतकी नव्हती हेही मान्य करायला हवं. पण महागाई थांबवायचं ओझं मजुरीवर टाकलं गेलं, आणि हे सगळं ज्या 'सॉलिडॅरिटी' युनियनच्या लढ्यातून नवं सरकार आलं, तिच्याच डोळ्यांदेखत झालं. खाजगी कंपन्यांना या करातून १९९१ पासून सूट मिळाली, त्यामुळे चांगले कारागीर सरकारी कारखान्यांतून तिकडे सरकू लागले. माझ्या मते त्या काळात माणसं एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत हलवण्याचं काम कपातीच्या कायद्यापेक्षा या एका सवलतीने जास्त केलं.

दुसरा कायदा बेकारभत्त्याचा. कामगारमंत्री होते यात्सेक कुरोन, आयुष्यातली अनेक वर्षं तुरुंगात काढलेला विरोधी नेता. जीन्सचा शर्ट घालून टीव्हीवर ते लोकांना साध्या शब्दांत समजावून सांगत. गरिबांसाठी सुरू झालेल्या सूपला आणि पुढे बेकारभत्त्यालाही लोकांनी त्यांचंच नाव दिलं : 'कुरोनुव्का'. सुरुवातीचा भत्ता उदार होता. पहिले तीन महिने शेवटच्या पगाराच्या ७० टक्के, पुढचे सहा महिने ५०, नंतर ४०. आधी नोकरी केलेली असावी अशी अटही नव्हती. साहजिकच गृहिणी आणि नुकते पदवीधरही नोंदणी करायला आले. वर्षभरात अटी आवळल्या गेल्या, १९९२ पर्यंत भत्ता सरासरी पगाराच्या ३६ टक्के असा सरसकट झाला आणि साधारण वर्षाची मुदत आली. या उदारपणाला पुष्कळांनी नावं ठेवली आहेत. मी ठेवणार नाही. ज्या देशात बेकार हा शब्दच सरकारी कागदात नव्हता, तिथे काही महिन्यांत रोजगार कार्यालयांचं जाळं उभं करायचं आणि लाखो माणसांना रोख पैसे पोचवायचे, हे काम किती अवघड असतं ते मला माहीत आहे. थकलेली ग्रॅच्युइटी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं फेऱ्या मारणारी माणसं मी पाहिली आहेत.

माझा आक्षेप पेन्शनवर आहे. पुरेशी सेवा झालेल्याची नोकरी गेली तर वय होण्याआधीच त्याला निवृत्तिवेतन मिळू लागलं. अपंगत्वाची पेन्शनही सैल हाताने वाटली गेली. ज्याला पाठदुखी आहे आणि नोकरी नाही अशा पन्नाशीच्या माणसाला डॉक्टरांची समिती सहसा नाही म्हणत नसे. काही वर्षांत पेन्शनवरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणजे बाजारव्यवस्था येण्यापूर्वीच्या जवळपास दुप्पट. हा पैसा कुठून आला? जे कामावर होते त्यांच्या पगारावरच्या वर्गणीतून. ती वर्गणी इतकी जड झाली की नवा माणूस रीतसर कामावर घेणं लहान मालकाला परवडेना. जुन्या कामगाराला मानाने घरी बसवताना तरुणाच्या नोकरीवर असा कर बसला.

हे लिहिताना मला आमचीच टेबलं आठवतात. स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर झाली की पहिल्या आठवड्यात कोण अर्ज करतं? ज्याच्या हातात कसब आहे, ज्याला बाहेर काम मिळणार आहे, तो. कंपनीला जो हवा असतो तोच आधी जातो. मग उरलेल्यांवर दबाव येतो. एका योजनेत मी स्वतः सव्वादोनशे माणसांचे हिशेब केले. तीन-चार वर्षांनी त्यातले जे भेटले त्यांचे पैसे मुलीच्या लग्नात, गावच्या घराच्या स्लॅबमध्ये, एखाद्या रिक्षात गेले होते. ते उधळे होते म्हणून नव्हे. पंचेचाळिशीच्या माणसाला एकरकमी पैसे देऊन "आता तुझं तू बघ" असं सांगितलं की तो पहिल्यांदा अडलेली कामं उरकतो. पोलंडच्या खाणकामगारांना १९९८ च्या योजनेत अशीच मोठी एकरकमी भरपाई मिळाली आणि तिथेही पुष्कळांचं हेच झालं. यात मी माझीही जबाबदारी मानतो. रकमेवर आम्ही रात्र-रात्र घासाघीस केली, पण "सोमवारी सकाळी हा माणूस कुठे जाणार" हा प्रश्न त्या टेबलावर कधी आणला नाही.

मग रोजगार आला कुठून? याचं श्रेय बहुतेक लोक चुकीच्या माणसांना देतात. बाल्त्सेरोविचांच्या वर्षभर आधी, डिसेंबर १९८८ मध्ये, शेवटच्या कम्युनिस्ट सरकारातले उद्योगमंत्री मिएचिस्वाव विल्चेक यांनी धंदा करायच्या मोकळीकीचा कायदा आणला. स्वतः उद्योजक असलेल्या या माणसाचा कायदा जेमतेम काही पानांचा होता : जे मना केलेलं नाही ते करता येईल, बहुतेक धंद्यांना परवाना नाही, नुसती नोंदणी पुरे. बघता बघता फुटपाथवर घडीच्या खाटा मांडून लोक विकायला बसले. मग पत्र्याच्या टपऱ्या आल्या, मग दुकानं. वॉर्सातलं 'दहाव्या वर्धापनदिनाचं स्टेडियम' म्हणून ओळखलं जाणारं मोठं क्रीडांगण अख्खं बाजार होऊन गेलं. फूटभर जागेत सुरू केलेल्या या धंद्यांनी लाखो माणसांना कामावर घेतलं. कामगार कायद्याच्या पुस्तकात ज्याचं नावही येत नाही असा हा कायदा, आणि माझ्या हिशेबाने पोलंडची सर्वांत यशस्वी कामगार-सुधारणा तीच.

खाजगीकरणही मजेशीर वळणाने गेलं, पण त्यात खोल शिरत नाही. जुलै १९९० च्या कायद्याने कामगारांना २० टक्क्यांपर्यंत शेअर निम्म्या किमतीत मिळायचे, आणि पुष्कळ मध्यम कारखाने सरळ तिथल्या कामगार-अधिकाऱ्यांच्या कंपनीला भाड्याने दिले गेले. कामगार परिषदेच्या संमतीशिवाय हलता येत नव्हतं, म्हणून वेळ लागला. त्या वेळातच बरेच कारखाने स्वतःहून सावरले. उशीर नेहमी वाईटच असतो असं नाही.

आता सरासरीच्या पलीकडे, जागेकडे. १९९३ च्या अखेरीस देशाचा बेकारीचा दर १६.४ टक्के होता. वॉर्सात तो त्याच्या निम्म्याहूनही कमी होता आणि उत्तरेकडच्या काही जिल्ह्यांत दर तिसरा-चौथा माणूस बेकार. एक देश म्हणून हे वाचलं तर काहीच कळत नाही.

वूच हे शहर घ्या. एकोणिसाव्या शतकापासून कापडाचं शहर, पोलंडचं मँचेस्टर म्हणायचे. माल सोव्हिएत बाजारपेठेत जायचा. १ जानेवारी १९९१ पासून सोव्हिएत गटातल्या देशांमधला व्यापार डॉलरमध्ये आला आणि ऑर्डर संपल्या. गिरण्यांत बहुसंख्य बायका होत्या. खाणकामगार वॉर्सात मोर्चा घेऊन मंत्रालयाच्या दारात टायर जाळू शकत होते, त्यांच्यासाठी खास योजना झाली. वूचच्या बायकांसाठी तशी कुठलीच झाली नाही. पॉझ्नान्स्कीच्या प्रचंड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत २००६ मध्ये मॉल सुरू झाला. लोअर परळच्या फिनिक्समध्ये पाय ठेवताना ज्यांच्या पोटात कालवतं त्यांना वूचमध्येही कालवेल. फरक एवढाच की मुंबईत गिरणीच्या जमिनीला सोन्याचा भाव होता, म्हणून निदान घरांसाठी लढता तरी आलं. वूचमध्ये जमिनीलाही भाव नव्हता.

नैर्ऋत्येला वाउब्झिखमध्ये नव्वदच्या दशकात एकेक करत सगळ्या कोळसाखाणी बंद झाल्या. काही वर्षांत तेच खाणकामगार शहराबाहेरच्या झाडीत स्वतःच्या हाताने खड्डे खणून कोळसा काढू लागले. बेकायदा, आधाराशिवाय, जीव धोक्यात घालून, पोत्यांनी विकण्यासाठी. खाणकाम हेच ज्याचं एकमेव कसब, त्याने दुसरं काय करावं?

सर्वांत वाईट हाल सरकारी शेतांवरच्या मजुरांचे झाले. उत्तर आणि पश्चिम पोलंडमध्ये, १९४५ नंतर मिळालेल्या पूर्वीच्या जर्मन प्रदेशात, राज्याची अवाढव्य शेतं होती. चार लाखांच्या वर माणसं त्यांवर जगत. ऑक्टोबर १९९१ च्या कायद्याने ती गुंडाळली गेली. या मजुरांची वस्ती म्हणजे उघड्या शेतांच्या मधोमध चारमजली इमारती. मजुरांना राहती घरं नाममात्र किमतीत विकली गेली आणि सरकारला वाटलं, आपण उपकार केले. पण त्या घराला गिऱ्हाईक नाही, विकून शहरात खोली घेता येत नाही, आणि शेत बंद झाल्यावर हळूहळू बसही बंद झाली. जवळचं शहर तीस किलोमीटरवर. रोजगार कार्यालयात रिकामी जागा असली तरी सकाळी सहाला पोचणार कसं? आपल्याकडे कामगारांच्या गतिशीलतेवर शोधनिबंध लिहिले जातात. तिथे तो प्रश्न अक्षरशः एका एसटीच्या फेरीचा होता.

शेजारचं चेक प्रजासत्ताक त्याच काळात तीन-चार टक्के बेकारी दाखवून कौतुक मिळवत होतं. कारखान्यांना बँका उधारीवर जगवत होत्या. १९९७ मध्ये ते ओझं झेपेनासं झालं आणि दोन वर्षांत तिथली बेकारी ९ टक्क्यांवर गेली. तरीही मधल्या काळात चेक माणसांना नव्या दुकानांत, हॉटेलांत, पर्यटनात शिरायला सहा-सात वर्षं मिळाली. मला हा सौदा तितका वाईट वाटत नाही.

पोलंडमध्ये युनियनला विश्वासात घ्यायची सुरुवात झाली ती १९९२ च्या उन्हाळ्यातल्या संपांनंतर. तिखी शहरातल्या मोटार कारखान्यात संप दीड महिन्यावर चालला. पुन्हा कामगारमंत्री झालेल्या कुरोन यांनी सरकारी उद्योगांविषयीचा करार घडवला, तो फेब्रुवारी १९९३ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी सरकार, मालक आणि युनियन यांचा त्रिपक्षीय आयोग आला. चांगलं काम, पण तीन वर्षं उशिरा. पगार कापून झाले होते, शेतं बंद झाली होती. सप्टेंबर १९९३ च्या निवडणुकीत जुन्या कम्युनिस्टांचे वारसच निवडून आले.

कपातीचे नव्हे, पण नोकरीच्या करारांचे कायदे खऱ्या अर्थाने सैल झाले ते २००२ मध्ये, बेकारी पुन्हा २० टक्क्यांकडे चालली असताना. मुदतीच्या करारांवरचं बंधन काही काळ उठवलं गेलं, पुढच्या वर्षी तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या एजन्सींचा कायदा आला. त्याने नोकऱ्या आल्या का? काही आल्या. पण कशा प्रकारच्या, ते पाहा. दहा वर्षांनी पोलंडमध्ये चारातला एकाहून जास्त कामगार मुदतीच्या करारावर होता, हे प्रमाण युरोपीय संघात सर्वाधिकांपैकी. शिवाय लाखो तरुण कामगार कायद्याऐवजी दिवाणी करारावर राबत, ज्याला तिथे 'कचरा करार' म्हणत. कायम कामगाराला हात न लावता त्याच्या शेजारी बिनहक्काचा दुसरा कामगार उभा करायचा, ही युक्ती चाकण-रांजणगावच्या कुठल्याही शॉप फ्लोअरवर दिसेल : एकाच मशीनवर दोन रंगांचे शर्ट आणि दोन वेगळे पगार. २०१६ मध्ये पोलंडने तीन करार किंवा ३३ महिने अशी मर्यादा घातली.

आणि बेकारी शेवटी उतरली कशी? १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात गेला आणि ब्रिटन, आयर्लंड, स्वीडन यांनी त्याच दिवशी पोलिश कामगारांना दार उघडलं. तीन-चार वर्षांत परदेशी असलेल्या पोलिश माणसांचा आकडा २० लाखांच्या वर गेला. संघाचा पैसा आला, रस्ते झाले, जर्मन कारखाने सीमेपलीकडे सरकले, हेही खरं. २००८ मध्ये बेकारी साडेनऊ टक्क्यांवर आली. त्यातला किती वाटा सुधारणांचा आणि किती लंडनला जाणाऱ्या बसचा, यावर अर्थतज्ज्ञ भांडत राहतील. कोकणातल्या ज्या घराने मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर तीन पिढ्या काढल्या, त्या घराला ते भांडण लगेच समजेल.

म्हणून तुमच्या निबंधात एक करा. देशाचा बेकारीचा दर आणि कायद्याची तारीख शेजारी-शेजारी ठेवून आलेख काढू नका. जिल्हावार तक्ते घ्या, वर्षाहून जास्त काळ बेकार असलेले किती ते पाहा, त्यात बायका किती ते पाहा, आणि त्या प्रत्येक जिल्ह्यात १९९० मध्ये एकच कारखाना किंवा एकच शेत होतं का, हे शोधा. मला जे वीस वर्षं कळलं नव्हतं ते तुम्हाला एका दुपारी दिसेल.